खारतळ्याच्या वाटेचा सौदा

ऐका. ती काटकी जरा आत ढकला, आणि ज्याला भ्यायला होतंय त्यानं मधे बसावं. कडेला बसून मग मला दोष द्यायचा नाही.

ही गोष्ट सुबराव हेड्याची. हेडी म्हणजे गुरांचा दलाल. सुबराव असा पक्का, की म्हातारा बैल तुमच्या दावणीला बांधेल आणि वर तुमच्याच घरचा चहा पिऊन जाईल. एकदा त्यानं शिंग मारणारा बैल खुद्द आपल्या मेव्हण्याला विकला. म्हणाला, "पावणं, ह्यो कुणाला जवळ फिरकू देत न्हाई. चोराचं भ्याच न्हाई तुम्हाला!" मेव्हणा वर्षभर त्याला लांबूनच वैरण फेकत होता.

पण माणूस गोड. त्याच्याशी कुणाचं वैर टिकायचं नाही.

तर कार्तिकातली गोष्ट. अमावास्या नव्हती हो, उगाच कशाला खोटं सांगू! चतकोर चंद्र होता आभाळात. दुसऱ्या दिवशी घाटाखाली कोकणात गुरांचा बाजार, आणि सुबरावकडे पाच बैल विकायचे. त्यातल्या तांबड्यानं दुपारपासून वैरण टाकलेली. तोंडातनं लाळेच्या तारा. पुढचा पाय टेकवायचा नाही. हेड्याची नजर ती, लगेच ओळखलं. खुरकूत! तोंडात फोड येतात, खुरं सडतात, आणि एकाचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं दहाव्याला लागतं.

आता मोठ्या रस्त्यावर नाका. तिथं गुरांचा डॉक्टर एकेकाचं तोंड उघडून बघणार. तांबडा सापडला की पाचही बैल तिथंच बांधून घालणार, आणि बाजार बुडणार. म्हणून दिवेलागण झाल्यावर सुबरावनं दोर सोडले आणि निघाला रानातनं. खारतळ्याच्या वाटेनं!

बायको हौसा दारात आडवी आली. "अवो, त्या वाटंला गवं पाणी पित्यात. आन् तिथं धुळूबाबा बसतोय."

"बसंना. मला काय त्याला बैल इकायचाय?"

"थट्टा करू नगा."

"थट्टा न्हाई गं. गिऱ्हाईक दिसलं तर बघतो." आणि हसत गेला.

धुळूबाबा कोण? सांगतो. धुळू धनगर, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर म्हशी राखणारा. फार मागं असाच कुणी हेडी आजारी गुरं घेऊन त्या वाटेनं गेला. गुरांनी तळ्यात तोंड घातलं. आधी धुळूच्या म्हशी गेल्या, आणि मग गवे. गवा म्हणजे काय धूड असतं! काळंभोर, वशिंड पहाडासारखं, चारी पायांत पांढरे मोजे घातल्यागत. वाघसुद्धा चार पावलं सरकून जातो. तसले गवे तापानं तहानलेले, खुरं गळालेली, पाण्यात उभे राहून मेले. सड्याचा सडा भरायचा जो कळप, त्यातले ओंजळभर उरले. धुळू तळ्याकाठच्या धोंड्यावर बसून राहिला, येईल त्या गुराला हाकलत. तिथंच मेला. उठला मात्र नाही म्हणतात, अजून.

असो. सुबराव निघाला. पुढं बैल, मागं हा. रान एकदम गप्प. रातकिडासुद्धा नाही!

जरा पुढं गेल्यावर घुंगुरमाळ वाजली. छुन, छुन. सुबराव थांबला. त्याच्या एकाही बैलाच्या गळ्यात माळ नव्हती. चोरून चाललेला माणूस माळा कशाला ठेवील? सगळ्या काढून पोत्यात घातलेल्या. त्यानं मोजलं. पाच. पुन्हा मोजलं. सहा! शेवटच्याच्या पाठीवर हात ठेवला तर गार, ओलं, पाण्यातनं आत्ता वर आल्यासारखं. खाली बघितलं, आणि पांढरे मोजे! हात झटकला तर तिथं काही नाही.

"थंडीनं होतं असं," सुबराव स्वतःलाच म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. आपणही म्हणतो की नाही, तसंच.

पुढं वळणावर धोंडा, आणि धोंड्यावर घोंगडं पांघरलेला म्हातारा.

"राम राम पावणं. कुठं?"

"बाजाराला, मामा."

"तंबाखू हाय?"

सुबरावनं चंची दिली. म्हाताऱ्यानं मळली, पण तोंडात काही टाकली नाही. नुसता मळत बसला.

"तांबड्याचं तोंड बघू का रं?"

अंधारात रंग कसा दिसला ह्याला? तरी हेडीच तो! "निरोगी हाय मामा. आत्ता कडबा खाऊन निघालाय."

"माघारी जा."

"बाजार बुडंल की."

सुबराव बैल हाणत पुढं गेला. चढ संपला, उतार लागला, ओढा ओलांडला, वळण आलं, आणि धोंडा! तोच धोंडा, तोच म्हातारा, तीच तंबाखू मळणं.

"माघारी जा म्हटलं न्हवं?"

सुबराव वाट सोडून झाडीत घुसला. काटे लागले, धोतर फाटलं, एक वहाण गेली. बाहेर पडला तो थेट धोंड्यापुढं!

आता म्हातारा हसला. "बरं. सौदा करू. दे हात."

आणि इथं, ऐका हं, इथं सुबराव चुकला. हेड्यांचा सौदा तोंडानं होत नाही. रुमालाखाली हातात हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही. एकदा हात दिला की सौदा बांधला. मोडणाऱ्याला कुठल्याच बाजारात कुणी उभं करत नाही. पण रीत अशी, की आधी जनावराच्या पाठीवर थाप मारायची आणि मग हात द्यायचा. कशाचा सौदा ते आधी ठरायला नको? पण 'सौदा' म्हटलं की हेड्याचा हात आपसूक पुढं जातो. तसा गेला. थाप न मारताच घोंगड्याखाली गेला.

आत बोटं होती. गार, विहिरीच्या दोरासारखी. मग बोटं एकमेकांना चिकटायला लागली. चाराची दोन झाली. जाड. टणक. मधे फट. खूर, बाबांनो, खूर! आणि फटीतनं काहीतरी ओलं सुबरावच्या मनगटावर वाहत होतं.

"मामा! कुठला बैल पायजे? कुठलाबी घ्या, पाचीबी घ्या!"

"बैल कोण मागतंय? मला ही वाट पायजे. पुन्हा हिच्यावर गुराचं पाऊल न्हाई. तुझं न्हाई, तुझ्या धंद्यातल्या कुणाचं न्हाई."

"वाट का माझ्या बापाची हाय, इकायला?"

"मग बघ."

सुबरावनं मान वर केली. समोर गव्यांचा कळप. वाट भरून, रान भरून. डोळे विझलेले, तोंडातनं लाळ, पाय खुरांवाचून. एकाचाही श्वास ऐकू येईना. पूर्वी मेलेले ते सगळे, तळ्याकडं पाठ करून, भिंतीसारखे उभे. आणि त्या भिंतीपलीकडनं, पाण्याच्या काठावरनं, बारीक आवाज आला.

वासराचा! जिवंत. आईला हाक मारणारा.

"आईकलंस? लई सालांनी झालंय. तुझा तांबडा त्या पाण्याला तोंड लावील, आन् संपलं."

सुबराव गोठ्यात वाढलेला माणूस. भुकेलं वासरू कसं ओरडतं ते त्याला आईच्या हाकेइतकं ठाऊक. आत काहीतरी हललं त्याच्या. तरी तोंडातनं आलं काय? "मग मी बाजाराला कसा जाऊ?"

खूर आवळला. मनगट कडकड वाजलं. आणि नेमकं तेव्हाच तांबड्याला पाण्याचा वास आला. तापलेलं जनावर ते! मुसंडी मारून निघालं तळ्याकडं. मेलेल्या गव्यांच्या आरपार गेलं, धुरातनं जावं तसं. दोर सुबरावच्या डाव्या हातातनं सरसर सरकला.

सोडला असता तर हात मोकळा झाला असता, दोन्ही हातांनी झटापट करता आली असती. पण त्यानं दोर सोडला नाही. तळहात सोलला, आडवा पडला, दातांत दोर धरला, एवढं मोठं जनावर पाण्यापासून हातभर अंतरावर अडवून धरलं, आणि दातांतनंच ओरडला, "दिली! वाट दिली!"

हात सुटला.

मग सुबराव उठला आणि माघारी पळाला. बैल पुढं, हा मागं, आणि ह्याच्या मागं तो सगळा कळप. पावलांचा आवाज नाही, पण मानेवर गार गार फुंकर. वळून बघितलं असतं तर आज ही गोष्ट सांगायला कुणी उरलं नसतं. नाही बघितलं त्यानं! ठेचकाळला, रडला, कुलदैवताला बकरं बोलला, आणि तांबडं फुटताना पोचला कुठं? थेट नाक्यावर. पाची बैलांसकट.

डॉक्टर बाहेर येऊन दात घासत होता. सुबरावनं स्वतः तांबड्याचं तोंड उघडून दाखवलं. "बघा सायेब. खुरकूत हाय. बांधा हितंच."

"स्वतःहून सांगणारा हेडी पहिल्यांदाच बघतोय," डॉक्टर म्हणाला. "काय झालं तुला?"

"सौदा झाला, सायेब."

बैल नाक्यावर राहिले. हा तिथंच झोपला, तुरटीच्या पाण्यानं तोंडं धुतली, खुरं शेकली. पाची जगले. तांबडासुद्धा. उजव्या हाताची बोटं मात्र दोन-दोन चिकटली, ती कायमची. बाजारात रुमालाखाली हात घातला की समोरचा किंचाळून हात काढायचा. मग सुबराव भाव मोठ्यानं, उघड्यावर सांगायला लागला. आधी लोक हसले. पुढं त्याच्याचकडं गर्दी व्हायला लागली. धंद्यात असं होतं कधीकधी.

आणि बाजार-बाजार फिरून त्यानं ही गोष्ट सांगितली, हात पुढं करून. हात बघितल्यावर कोण जातंय त्या वाटेनं? आता गुरांना लस टोचल्याशिवाय आपल्या गावचं दावं सुटत नाही, आणि टोचलेलं जनावरसुद्धा खारतळ्याकडं कुणी वळवत नाही.

काय रे शिरपा? मास्तर म्हणतात भूत नसतं? नसेल बाबा. मास्तर शिकलेले आहेत. त्यांना म्हणावं, एक रात्र धोंड्यावर बसून या, मी चहा पाठवतो.

ऐका. त्या वाटेनं कधी जाऊ नका. दिवसा नाही, रात्री नाही, गुरं घेऊन तर मुळीच नाही. वाट आता दिसतही नाही म्हणा, गवत छातीला लागतं. गेल्या माघात वनखात्याचा रखवालदार पलीकडच्या टेकडीवरनं दुर्बिणीनं बघत होता. म्हणाला, कळप मोजता मोजता चुकलो, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं. आणि जिथं वाट होती तिथं ऐन मधोमध एक सोनेरी वासरू आईला लुचत उभं होतं. शेपूट हलवत. हटायची घाई नाही, कशाची नाही. इथनं कधी माणसं जायची, हे त्याच्या गावीही नव्हतं.