संथ वाहतूक, डावीकडून उजवीकडे

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या संशोधन केंद्राचे संचालक साहेब. वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, रस्ते खात्याचे मुख्य अभियंता साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या, आणि ज्यांची जीप मी अकरा वर्षं चालवली त्या आमच्या संशोधक मॅडम. समोरचे शास्त्रज्ञ, कार्यालयातली मंडळी, माळीकाका. आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून माझ्याकडे एकटक बघत बसलेली माझी पत्नी. आपणां सर्वांना एका निवृत्त चालकाचा मनापासून नमस्कार.

निवृत्त व्हायला तसा अजून दीड तास आहे. पण जीपची किल्ली आपल्या कार्यालयाच्या बडेबाबूंनी सकाळीच काढून घेतली, तेव्हा निवृत्तच म्हणायचं.

माझ्याबद्दल इथे फार चांगलं बोललं गेलं. अध्यक्ष साहेब म्हणाले, 'या माणसानं अकरा वर्षांत एकही अपघात केला नाही.' मी मान खाली घातली ती संकोचानं, असं आपल्याला वाटलं असेल. असो, त्यावर येतोच. आधी भेटवस्तूबद्दल आभार मानतो. पुष्पगुच्छ सुंदर आहे, भिंतीवरचं घड्याळ सुंदर आहे, आणि ही छत्री... बटण दाबलं की फाडकन उघडते. माइकवाल्या दादांना विचारा, मघाशी थोडक्यात वाचले. पण छत्रीच का दिली? कुणी काही बघितलं तर नव्हतं ना?

बरं, कार्यक्रमपत्रिकेनुसार माझ्या भाषणानंतर मॅडम आपला अहवाल मुख्य अभियंता साहेबांना देणार आहेत. ती बघा, टेबलावरची पिवळी फाइल. घोयरा सरडा, म्हणजे तो रंग बदलणारा, गोल डोळ्यांचा, शेपटीची गुंडाळी करून फांदीवर बसणारा प्राणी, त्याच्यावरचं हे अकरा वर्षांचं काम. ही फाइल साहेबांच्या हातात गेली की टेकडीतला आपला रस्ता दुप्पट रुंद व्हायला मोकळा. म्हणून मी भाषण लांबवतोय. साहेब, आपल्याला घाई नाही ना? चहा अजून यायचाय.

खरं सांगतो, त्या फाइलमध्ये काय आहे हे मला मंगळवारपर्यंत माहीत नव्हतं. आम्ही बाहेर जीपमध्ये बसणार, आत काय लिहितात ते आम्हाला कोण सांगणार? मंगळवारी मॅडम याच सभागृहात भाषणाची तालीम करत होत्या आणि फोटो दाखवायचा पडदा सारखा गुंडाळून वर जात होता. मला म्हणाल्या, 'काका, जरा धरून उभे राहा.' मी पडदा धरून उभा. मॅडम बोलायला लागल्या. टेकडीवरच्या प्रत्येक घोयऱ्याच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, फोटो काढला की कोणता कोण ते ओळखता येतं. गेल्या सहा वर्षांत एकोणीस घोयरे आधी रस्त्याच्या डाव्या बाजूला दिसले आणि नंतर उजव्या बाजूला. यावरून सिद्ध होतं, की घोयरे रस्ता सहज ओलांडतात आणि रस्ता कितीही रुंद केला तरी त्यांना अडचण नाही.

मंडळी, माझ्या हातातून पडदा सुटला. मॅडमना वाटलं स्प्रिंग बिघडली.

एकोणीस? मी तर सत्तेचाळीस नेले होते.

हो साहेब. मी नेले. जागचे उठू नका, मॅडम, पाणी घ्या आधी. सभेत घोयऱ्यांचे इतके तज्ज्ञ बसलेत, त्यांनी मॅडमच्या चेहऱ्याच्या रंगाची नोंद घ्यावी. असा बदल मी झुडपातही बघितला नाही.

आता झालं कसं ते ऐका. सकाळी मॅडमना टेकडीवर सोडायचं आणि त्यांचा डबा आणायला रिकामी जीप घेऊन परत फिरायचं, हा आमचा अकरा वर्षांचा रिवाज. तिसऱ्या वळणावर घोयरा उभा असायचा. तो चालतो कसा, आपण पाहिलंय? एक पाय पुढे टाकतो, डुलतो, तोच पाय मागे घेतो, पुन्हा डुलतो. एक डोळा माझ्याकडे, दुसरा आभाळात. माझ्या मेव्हण्याला घर बांधायचा निर्णय घ्यायला चार वर्षं लागली, पण तोसुद्धा या मानानं चपळ. अशा प्राण्यानं तो रस्ता ओलांडायचा कधी? अर्ध्या तासात दगडाचे सहा ट्रक जातात तिथून.

तरी पहिली पाच वर्षं मी काही केलं नाही. आपलं काम गाडी चालवण्याचं. मग एके दिवशी पहिली गेली ती माझ्याच चाकाखाली. मादी होती, पोटात अंडी होती. मी उतरून बघितलं, बाजूला माती उकरून पुरली आणि मॅडमचा डबा घेऊन गेलो. कुणाला बोललो नाही. एकही अपघात केला नाही असं अध्यक्ष साहेब म्हणाले ना, म्हणून आज सांगतो. एक केला. तो मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवसापासून मी जीप थांबवायला लागलो. आता मॅडमचा सक्त नियम, जनावराला हात लावायचा नाही. मी शपथेवर सांगतो, एकदाही लावला नाही. माझ्याकडे जुनी छत्री आहे, लाकडाच्या वाकड्या मुठीची. ती उलटी धरून मूठ पुढे करायची. पाहुणे विचार करतात, डुलतात, फुसकारतात, माझ्यावर काळेनिळे होतात, आणि शेवटी मुठीला घट्ट पकडून बसतात. मग मी भर रस्त्यातून उलटी छत्री घेऊन निवडणुकीच्या मिरवणुकीसारखा चालत पलीकडे जायचो. ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. एकानं विचारलं, 'काका, घरचं सगळं ठीक ना?'

तर मॅडम, आपले घोयरे रस्ता ओलांडत नव्हते. मी ओलांडत होतो, ते बसून होते.

मंगळवारपासून मला जेवण जात नव्हतं. सांगावं, तर मॅडमच्या अकरा वर्षांच्या कामावर पाणी पडणार, तेही माझ्यामुळे. न सांगावं, तर रस्ता दुप्पट होणार आणि माझी छत्री तर आजपासून घरी. शेवटी हिला सांगितलं. ही म्हणाली, 'सभेत सांगून टाका. नाहीतर तो पुष्पगुच्छ घेऊन घरी येऊ नका.' म्हणून ती अशी हाताची घडी घालून बसली आहे. झालं गं, सांगितलं. सोड आता घडी.

काय म्हणालात, मॅडम? माइकमध्ये बोला, मागच्यांना ऐकू येत नाही. मॅडम विचारतायत, सत्तेचाळीस हा आकडा कशावरून?

बडेबाबू, आता आपण मान वळवू नका! आपल्याकडे जीपचं नोंदपुस्तक असतं. गाडी कुठे थांबली, किती वाजता, का थांबली, सगळं लिहायचं. खोटं मी लिहीत नाही. कारणाच्या रकान्यात मी लिहायचो, 'वाहतूक.' बडेबाबूंनी मला बोलावून विचारलं होतं, 'टेकडीवर रोज कसली वाहतूक?' मी म्हटलं, 'संथ.' तेव्हापासून मी व्यवस्थित लिहायला लागलो: 'संथ वाहतूक, डावीकडून उजवीकडे. जड.' जड म्हणजे पोटुशी. अंडी घालून परत येणाऱ्यांपुढे लिहायचो, 'रिकामी.'

मॅडम, हळू, पायऱ्या आहेत! मंडळी, वाट द्या, मॅडमना ते पुस्तक हवंय. बडेबाबू, सही नंतर घ्या त्यांची.

त्या वाचतायत तोवर मीच सांगतो. सगळ्या थांब्यांची जागा एकच, तिसरं वळण ते रस्त्याखालची पाण्याची मोरी, चाळीस पावलं. दिवस तेच, पाऊस ओसरल्यानंतरचे दोन महिने, म्हणजे सध्याचेच. पलीकडे माती भुसभुशीत आहे, अंडी घालायला त्यांना तिथेच जायचं असतं. मला शास्त्र कळत नाही. पण मी त्यांच्यासमोर सहा वर्षं थांबलोय, आणि त्यांना कुठे जायचंय एवढं मला कळतं.

मॅडम हसतायत का रडतायत? दोन्ही. ठीक आहे. म्हणतायत, 'काका, त्या अंडी घालायला कुठे जातात हे मला अकरा वर्षं सापडत नव्हतं, आणि माझ्याच जीपमध्ये होतं.' आणि आता पिवळी फाइल त्या साहेबांच्या पुढून उचलतायत. साहेबांनी दुसरं टोक धरलंय. साहेब, सोडा. मॅडमचा हात झुडपातल्या काट्यांनी तयार झालेला आहे. सोडलं! आभारी आहे.

साहेब, रस्ता करू नका असं मी म्हणत नाही, मी जन्मभर रस्त्यावरच जेवलो. फक्त त्या चाळीस पावलांत, या फांदीवरून त्या फांदीवर, एक जाड दोर बांधा. त्यांना तेवढा पुरतो. दोर होईपर्यंत ही घ्या. नवी नाही हो, नवीचं बटण दाबलं तर पाहुणा थेट पलीकडच्या टेकडीवर पडेल. ही जुनी, खुर्चीखाली ठेवली होती. मूठ पुढे करायची आणि घाई करायची नाही. रोज त्या रस्त्यानं आपली गाडी जातेच. उद्या सकाळी नऊच्या सुमारास तिसऱ्या वळणावर कुणीतरी एक पाय पुढे टाकून उभी असेल, आणि मी नसेन.

साहेबांनी छत्री घेतली. उलटीच धरलीय, म्हणजे शिकतील.

आपण सर्वांनी मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, त्याबद्दल आभार. बोलताना वेळेचं भान राहिलं नाही, चहा थंड झाला, मॅडमचा अहवाल गेला, हे सगळं पोटात घाला. आणि माझ्या नोकरीतल्या सत्तेचाळीस चुकांबद्दल क्षमा मागायला मी उभा राहिलो होतो, पण ती मागत नाही. अठ्ठेचाळिसावी, म्हणजे खरं तर पहिली, तिच्याबद्दल तेवढी मागतो.

नमस्कार.