बले आणि बळे

माझं नाव महादेवी, माहेर खजुरीचं, आळंद तालुक्यातलं, पार शिवंवरचं. घरात मराठी, शाळंत कन्नड, बाजारात दोन्ही, आन् भांडण लागलं की जी आधी तोंडात येईल ती. आमच्या ह्यांचं नाव मी घेणार न्हाई, तुमी दुसऱ्या कुणाला इचारून लिवा. लगीन होऊन हितं बिदरकडं आले तवा सासऱ्याचं रान धरणात जाऊन लई वर्सं झालती. आता तुमी ह्या पिंजऱ्याच्या फळ्यावर बसलाव न्हवं, ह्याच्या खाली, पार तळाला, आमची तुरीची पट्टी हाय. हुती म्हणायला पायजे, पण मी हायच म्हणते.

तर पिंजरा म्हंजे काय, खाली हे निळे डरम, वर फळ्या, मधी पाण्यात सोडलेलं जाळं, पोत्यावानी. त्यात मासळीची बोटाएवढी पिल्लं सोडायची, रोज खाद्य टाकायचं, जाळं घासायचं. आमी दोघं शिकून आलो, मस्तानभाई होडीसकट भागीत आला, आन् घरात आग लागली. माझी सासू, समदे अव्वाच म्हणत्यात तिला, गळ्यात लिंग, घरात अंडं बी येऊ देत न्हाई. ती म्हणली, ज्या पाण्यानं माझं रान गिळलं त्या पाण्यात जीव वाढवून कापायला इकणार व्हय तुमी, मी त्या काठाला मेले तरी यायची न्हाई. आन् त्या दिवसापसून माझ्या हातचं पाणी बंद.

काय सांगू तुम्हाला, शिवी दिली असती तर चार परत दिल्या असत्या, मी काय कमी न्हाई. पण मी तांब्या पुढं केला की ती तोंड फिरवायची, उठून सोता माठातलं घ्यायची. आन् लेकाच्या हातचं चालायचं बरं का! त्यो बी मासळीतच दिवसभर हात घालायचा, पण त्यो लेक, आन् मी सून. लई लागायचं मनाला. हितं येऊन पिल्लांला खाद्य टाकायचे, ती तोंडं वर काढून धावायची, मी म्हणायचे, बघा, ह्यांला तरी माझा हात चालतोय.

आता मस्तानभाईचं सांगते, म्हंजे पुढचं कळंल. लई भला माणूस, पण त्याच्या जिभंला ळ येत न्हाई. घरात त्यांची उर्दू, तिच्यात ळ हायच कुठं. डाळीला डाल म्हणतो, केळ्याला केलं. अव्वासंगं मान देऊन कन्नडच बोलतो, तिथं बी तेच. मग आमी काय करतो, त्यानं ल म्हणलं की कानातच ळ करून घेतो. सवय पडली. आन् कन्नडात बले म्हंजे जाळं, बळे म्हंजे बांगडी. ध्यानात ठिवा.

तर एका सकाळी कासवानं जाळं कुरतडलं, हे एवढं भोक, मासळी चालली बाहीर. ह्यांनी उडी टाकली, खालून भोक धरून बसले, मी वरून दोर वडायले, आन् मस्तानभाईला म्हणलं, पळ, घरचं दुसरं जाळं आण. त्यो पळतच गेला आन् दारातूनच वरडला, अव्वा, अक्कान बले होयतु! अक्काचं, म्हंजे माझं, जाळं गेलं. बरूबर बोलला बिचारा, जन्मात पैल्यांदा ल च्या जागी ल आला. पण अव्वानं सवयीनं त्याचा ळ केला. तिला वाटलं, सुनंची बांगडी गेली, म्हंजे माझा लेक गेला.

बिनचपलंची पळाली हो ती म्हातारी. मागून ह्यो वरडायला, बले, बले! ती अजूनच पळायली. शेवटी होडीत त्याला वाटलं, मराठीत सांगावं, म्हणून म्हणला, जालं गेलं अव्वा, जालं! आता नेमका ळ करून घ्यायचा, तर तिला ऐकू आलं झालं. समदं झालं. तिनं होडीतच हंबरडा फोडला.

मला लांबून रडणं ऐकू आलं, म्हणलं आता हिला काय झालं. होडी लागली, अव्वा फळ्यावर चढली, माझे दोन्ही हात धरून बांगड्या चाचपल्या, एक एक मोजली, सात हुत्या, साती जागच्या जागी. तेवढ्यात ह्यांनी पुन्हा श्वास घ्यायला डोकं वर काढलं. तिनं लेकाच्या डोक्यात चापट हाणली, म्हणली, जिता हाईस तर वर कामून येईनास रे! त्यांला बिचाऱ्यांला काईच कळंना. मस्तानभाई तोबा तोबा म्हणून सोताचे गाल बडवायला, आन् मी हसायले, मला थांबताच येईना. अव्वाचा घसा सुकला हुता. ती म्हणली, पाणी दे.

माझा हात खांद्यापत्तर मासळीचा, शेवाळाचा. मी थांबले. ती म्हणली, आगं दे की, बघायलीस काय. मी तांब्या दिला, तिनं गटागटा पिला, अजून मागितलं. मी तिकडं तोंड करून रडून घेतलं. मासळी पळाली अर्ध्याला अर्धी, पण त्या दिवशी मला तिचं काईच वाटलं न्हाई.

आता ती बघा, डरमाला टेकून खाद्य टाकायली ती अव्वाच. म्हणती, तुरीच्या पट्टीत पुन्हा कायतरी पिकायलंय. मासळीचा टेंपो आला की मातर घरी जाती. कुठं जात्यात ही, म्हणून एकदा तिनं इचारलं. मी म्हणलं, हैद्राबादला. खोटं कामून बोलू, कापायलाच जात्यात, तिला बी ठाव हाय. घरात अंडं आजून बी येत न्हाई. ते तिचं तिच्यापाशी.

पण एक नवीन लावलंय तिनं. पिंजऱ्याचं जाळं बदललं की मला घेऊन चिटगुप्प्याला कासाराकडं जाती, हिरव्या बांगड्या भरती, आन् दर वक्ताला माझ्या हातावर हात ठिवून तेच म्हणती, बले बी टिकू दे, बळे बी टिकू दे. मस्तानभाई मागं उभा राहून म्हणतो, व्हय अव्वा, बले बी आन् बले बी.