दारवालीच्या पलीकडे

...आणि वर हा माझा दोस्त जोएल मलाच विचारतो, यात हसण्यासारखं काय आहे! आता तुम्हीच सांगा, चाळिशीला आलेला माणूस, पोरगी सातवीत, आणि भर दुपारी मला गाडीत कोंबून नवापूरहून तळोद्याला निघतो कशाला... तर टीव्हीवर खेळायच्या गेमची एक जुनी कॅसेट शोधायला! का? तर म्हणे, त्यातल्या दाराच्या पलीकडे काय होतं?

तुम्हाला सांगतो, जोएल तळोद्याच्या वसतिगृहात होता तेव्हा तिथं करणसिंगचं दुकान होतं, वापरलेल्या गेमच्या कॅसेटींचं. जुनी द्या, दुसरी न्या. वरची चित्रं कधीच निघून गेलेली, म्हणून करणसिंग स्वतःच नावं चिकटवायचा... 'माकडवाली', 'मोटारवाली', आणि सगळ्या पोरांचा जीव जिच्यात, ती एकामागून एक दारं उघडत जायची 'दारवाली'.

नाताळच्या सुट्टीत जोएलनं ती घरी नेली. खेळत खेळत शेवटच्या दाराशी पोचला, दार अर्धं उघडलं... आणि चित्र थिजलं. कॅसेट काढ, फुंकर मार, पुन्हा पहिल्यापासून खेळ... पुन्हा तिथंच! पोराला वाटलं, आपलंच यंत्र भंगार. आणि करणसिंगचा नियम काय, तर गेम पुरा केल्याशिवाय कॅसेट बदलून मिळणार नाही. गल्ल्यावरून विचारायचा, "पुरी व्हयनी का? दारना पलीकडे काय शे?" मागे पोरांची रांग. जोएल म्हणाला, "जबरदस्त!" मागच्यानं ती झडप घालून उचलली, आणि हा बसला आयुष्यभर झुरत, त्या दाराच्या पलीकडे काय होतं?

पोरगी रिबेका म्हणाली, पप्पा, नेटवर बघा की. बघितलं! 'दारवाली' टाकल्यावर मोबाईलनं सागवानी दरवाजे दाखवले. अजून सुतारांच्या जाहिराती येतायत त्याला.

तर करणसिंग सापडला. आता मोबाईलची कव्हरं विकतो. जोएलनं नुसतं कॅसेटचं नाव घेतलं, तर म्हातारा माळ्यावर चढला, खोकं काढलं, जुना टीव्ही पुसला, आणि काय सांगू, ती चिठ्ठी तशीच, 'दारवाली'. जोएल पुन्हा पहिल्यापासून खेळायला बसला. मी हसत होतो खरा, पण खोटं कशाला बोलू, मीही टीव्हीला नाक लावलं होतं. शेवटचं दार आलं... अर्धं उघडलं... आणि थिजलं.

करणसिंग शांतपणे म्हणाला, "तठेच अटकस ती. पहिलेपासून."

"मग इतकी पोरं... सगळे तर जबरदस्त म्हणायचे!"

"म्हनेत ना. तू बी म्हना व्हता. मी तं रोज विचारू, आते तरी कोनी खरं सांगी. मालेबी माहीत नई रे भो, पलीकडे काय शे ते."

म्हणजे बघा, अख्खं तळोदं त्या दारापाशी अडकलेलं, आणि प्रत्येकाला वाटतंय, मी सोडून सगळे आत जाऊन आले!

परतताना प्रकाशा गावचा तापीवरचा पूल ओलांडला तरी जोएलचं तोंड उतरलेलंच. वाईट वाटलं हो मला. घरी पोचलो, तर रिबेका ओट्यावर वाटच बघत होती. "पप्पा, सापडली? दाराच्या पलीकडे काय होतं?"

जोएलनं माझ्याकडे बघितलं, चपला काढल्या, आणि म्हणाला, "जबरदस्त."