झुल्मिराचं पान

पेनिश या मासेमारी बंदरातल्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या शेजारणी उभ्या होत्या.

“झुल्मिरा, लेखक वालादिमांच्या अंत्यविधीला निघालीस? तुझ्या नवऱ्यावर कादंबरी लिहिली म्हणून?”

“अगं, छापण्याआधी घरी आले होते. मला वाचता येत नाही ना, तर तीन दुपारी बसून सगळी वाचून दाखवली.”

“नवरा बुडतो तेही?”

“तिथे थांबले. म्हणाले, ‘बाई, तुम्ही म्हणाल तर हे पान काढतो.’”

“मग?”

“म्हटलं, ‘राहू द्या. फक्त, पाणी गार होतं, हे तेवढं लिहू नका.’ त्यांनी माझ्यासमोर ती ओळ खोडली.”

“एवढा मोठा माणूस, आणि तुझं ऐकलं?”

“ऐकलं गं. त्यानंतर, नवरा गेल्यापासूनच्या वीस वर्षांत पहिल्यांदा, मला गाढ झोप लागली.”