शंकरच्या फियाटची मिरवणूक

गाडीला वेग द्यायच्या नादात आमच्या गोव्यातल्या साखळी गावच्या शंकरचं काय झालं, ते ऐका. त्याच्या जुन्या फियाटला त्याने डिचोलीच्या मेस्त्रीकडून रेसचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनच्या झडपा उघडणारा दांडा, बसवून घेतला. मी सोबत होतो.

मेस्त्री म्हणाला, "पात्रांव, मालक तुम्ही, पण दोन्ही मिळायचं नाही. हळू चालताना ओढ हवी, की जोरात चालताना पळ?"

"पळ!" शंकर म्हणाला. "हळू जायला बैलगाड्या आहेत."

"मग हळू घेतली तर इंजिन बंद पडेल हां. आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग, वाढवून ठेवूया?"

"नको रे, पेट्रोल पितं ते."

गाडी पळाली मात्र झकास! पाळी गावाच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक मागे टाकत सुटायची. तेवढ्यात गोवा घटक राज्य झालं. गावात मिरवणूक ठरली आणि आमच्या पुढाऱ्यांना बसवायला शंकरचीच गाडी निवडली. पुढे ढोल-ताशे, मागे माणसं, म्हणजे गाडी चालणार माणसाच्या पावलाने. बाजारात शिरतानाच इंजिनने आचके दिले आणि जे बंद पडलं, ते उठेचना. शंकर घामाघूम. शेवटी लोकांनीच ढकलत ढकलत गाडी देवळापर्यंत नेली.

आता खरडपट्टी निघणार म्हणून शंकर मान खाली घालून उभा राहिला. पुढारी उतरले, तर त्यांचे डोळे भरलेले. त्याचा हात धरून म्हणाले, "शंकर, इंजिन बंद करून लोकांनी माझी गाडी हातांनी नेली रे! एवढा मान कुणाला मिळतो?"

शंकरने मान वर केली. मग म्हणाला, "भाऊ, तुमच्यासाठी मुद्दाम तशी ट्यून करून घेतली."