भिंतीत निजलेलं झाड

महामाया : अख्खी भिंत नाही मागत, गोजरबाई मावशी. तळहाताएवढं खरवडते, बस.

गोजरबाई : उद्या माह्या डिंपलले पाहाले पाहुणे येऊन राह्यले, अन् तू आज भितीले भगदाड पाडतं! काल दिवसभर लिपली व माय, कंबरडं मोडलं.

महामाया : तुम्ही गावतळ्याच्या मातीनं लिंपली ना?

गोजरबाई : मंग! जेसीबीनं गाळ काढला तवा लोकाइनं ट्रॅक्टरनं वावरात नेला. म्या चार टोपले वरचा पोपडा आनला. लोन्यावानी मऊ.

महामाया : तोच पोपडा हवाय. वावरातला सगळा नांगरून गेला. आता तो तुमच्या भिंतीवरच उरलाय.

गोजरबाई : असं काय सोनं हाये त्यात?

महामाया : त्यात एक पाणवनस्पती आहे, रिएला म्हणतात तिला. शेवाळासारखी दिसते, पण शेवाळ नाही. तळं भरलं की पाण्याखाली उभी वाढते, बोटभर. देठाच्या एकाच बाजूला पातळ झालर. पाणी आटलं की मरते.

गोजरबाई : मेली न मंग?

महामाया : ती मरते, पण तिचे बीजाणू, बियांसारखे बारीक कण, वाळल्या चिखलात वर्षानुवर्षं तग धरतात. पाण्याची वाट पाहत.

गोजरबाई : आता तं तळं खोल झालं. बाराही महिने पानी राहीन. मजा हाये तिची!

महामाया : तिथंच तिचं मरण आहे. कायम पाणी राहिलं की मासे येतात, दुसरं गवत माजतं. हिला आटणारंच तळं लागतं.

गोजरबाई : म्हंजे तुह्या झाडासाठी आमी तहानेनं मरावं काय?

महामाया : नाही हो. तळं खोदलं ते बरंच झालं. म्हणून तर भिंत मागते.

गोजरबाई : दुसऱ्या गावी पाह्य न.

महामाया : देऊळगाव राजापासून मलकापूरपर्यंत तीन वर्षं डबकी धुंडाळली. इथंच सापडली, तेही दोन वाळके तुकडे. कॉलेजातले सर म्हणतात, जिवंत आण, नाहीतर संशोधनाचा विषय बदल. मी नाही बदलणार. मातीत शेण किती घातलंत?

गोजरबाई : शेनाबिगर लिपन होते काय?

महामाया : मग थोडे बीजाणू सडलेही असतील.

गोजरबाई : समदेच सडले असन तं?

महामाया : तरी पाहिल्याशिवाय सोडणार नाही.

गोजरबाई : मोठी हेकट हाये व तू! घे, दाराच्या डाव्या अंगानं. तिथं बाज उभी करून देऊ.

(दोन महिन्यांनी. महामायेच्या हातात काचेची बरणी.)

गोजरबाई : अव माय! हिरवंगार झालं हे तं!

महामाया : सात उगवली. पण सातही नर. झालरीच्या काठाला हे पिवळे ठिपके दिसतात ना? तीच नराची खूण. यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी. मादीशिवाय नवे बीजाणू नाहीत, अन् बीजाणू पाहिल्याशिवाय जात नक्की होत नाही.

गोजरबाई : घ्या! म्हंजे याइचंबी जमवाचंच हाये.

महामाया : डिंपलचं जमलं का? पाहुण्यांना ते भगदाड नाही ना दिसलं?

गोजरबाई : दिसलं न. पोराच्या मायनं इचारलं, हे काय? म्या सांगतलं, भितीत झाड निजेल होतं, एक पोरगी उठवाले घेऊन गेली.

महामाया : अगं बाई! मग?

गोजरबाई : नाई म्हनाले. भितीपायी नाई, उंचीपायी. डिंपल तं खूश झाली, तिले नर्सिंग कराचं हाये. आता तू भितीकडं काऊन पाहून राह्यली?

महामाया : पुन्हा माती मागायला जीव होत नाही, मावशी.

गोजरबाई : हे खुरपं धर. अन् यावक्ती भितीच्या मधातून खरवड, चांगलं मोठं.