बॉनेटवरचा गुलाबी पट्टा

"सूनबाईच्या हाताची मेंदी सुटतेय अजून, तिला फडक्यांना हात लावू देऊ नका" — असं म्हणाल्या सासूबाई रविवारी, आणि मी कुठे होते माहितीये ताई? एका टॉवेलपलीकडे! ह्याच दोरीमागे. गाड्या धुऊन पुसायची ओली फडकी वाळत घातलेली, मागे मी, खालून माझे पाय दिसत असणार — पण त्यांनी खाली बघितलं नाही, आणि आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, नुसतं 'हूं' केलं. बसा ना, खुर्ची कोरडी आहे. तुमच्या बॉनेटवरचा पट्टा? जाईल हो, एका स्प्रेने जाईल, रंगाला काही होत नाही — पण घाई नको, सांगते का ते. रविवारीसुद्धा असाच निघाला होता, एका डॉक्टरांच्या पांढऱ्या गाडीवर. त्यावरूनच तर मेंदीचा शोध लागला.

आता तुम्हीच बघा माझे हात. बघा! आहे कुठे मेंदी? नखांच्या कडेला उरलीये ती उरलीये. आणि उतरत आलेली मेंदी गाडीवर सुटते का हो? नाही सुटत. पण घरात नवीन काय आलं तर मी, मग नवीन जे बिघडेल तेही माझ्याच खात्यावर. सुयोगने — आमच्या ह्यांनी — लगेच हे रबरी हातमोजे आणून दिले, वर बजावलं, परत पट्टा दिसला की फडकी उल्हासनगरला, कॅम्पातल्या लाँड्रीत, आणि तेजल, तू घरी. घरी म्हणजे काय? घरी मी दिवसभर 'हो' आणि 'वाढू का' एवढंच बोलते. लाजाळू म्हणतात मला — म्हणू देत. इथे निदान रस्ता दिसतो, बदलापूरच्या रिक्षा दिसतात, तुमच्यासारखं कुणी रागावून का होईना, पण माझ्याशी बोलतं.

आणि फडकी मला धुता येतात हो. मी यायच्या आधी सासूबाई ही मायक्रोफायबरची फडकी सोडा घालून उकळायच्या, गोधडीसारखी धोपटायच्या, वर कपडे मऊ करायचं ते निळं पाणी — वास छान येतो म्हणून! ते एकदा धाग्यात बसलं की फडकं पाणी पीतच नाही, नुसतं इकडून तिकडे ढकलतं. मी काय करते — गार पाणी, थोडासा पातळ साबण, सोबत सुती कपडा एकही नाही, नाहीतर त्याची लव ह्या फडक्यांना चिकटते, आणि वाळत सावलीत. टायरची राखाडी फडकी वेगळ्या बादलीत. निळं फडकं जमिनीवर पडलं की ते गेलं टायरच्या वर्गात, खडे लागतात ना त्याला — माझ्याकडे अपील नाही.

मग गुलाबी रंग आला कुठून? तेच मी बघत होते. तोंड बंद असलं की डोळ्यांना पुष्कळ वेळ मिळतो. ऑफिसातला देव्हारा बघितलात? एकवीरा आई, गणपती, पितळेचा नाग. शटर उघडलं की सासूबाईंची पूजा — आणि देव पुसायला काय घेतात? माझ्या थप्पीतलं सगळ्यात मऊ निळं फडकं! देवाला बोचू नये. तूप, हळद, कालचं कुंकू, सगळं त्यात. बरं, मग ते धुवायला टाकावं की नाही? छे! देव पुसलेलं फडकं मळकं कसं असेल? — म्हणून घडी करून परत थप्पीवर, सगळ्यात वर. भक्तीने हो, लबाडीने नाही. लबाडी त्यांना जमत नाही.

सांगितलं का नाही? कुणाला सांगू? नवी सून सासूच्या देवपूजेत खोट काढते — दुपारपर्यंत सगळ्या भावकीत झालं असतं. त्यापेक्षा मी मोजे घातले. रविवारपासून उतरवलेच नाहीत म्हणा ना, ह्यांना चहासुद्धा मोज्यांनीच दिला, दिसले पाहिजेत ना त्यांना! आणि ती वरची घडी रोज सकाळी गुपचूप उचलून धुवायची. आजही होती वर. गाडी आत येत होती, पांढरी — आणि मी ना — मी ती तशीच राहू दिली आणि चिमटे काढायला पाठ वळवली.

अहो, असं बघू नका! तुमचीच गाडी असेल हे मला काय — म्हणजे, पांढरी आहे हे दिसलं होतं. काळ्या गाडीवर कुंकू दिसतं का, सांगा बरं? आतून पण साफ करून देते, काचा मी स्वतः पुसते. फक्त आत्ता हात लावू नका त्याला — ते बघा, आलेच सगळे. सुयोग कसा बघतोय — बॉनेटकडे, माझ्या मोज्यांकडे, परत बॉनेटकडे. आण्णा वाकून वास घेतायत — घ्या, घ्या आण्णा, मेंदीला तुपाचा वास कुठून यायचा? सासूबाई थप्पीकडे बघतायत. आता सगळेच माझ्याकडे. बोलायला पाहिजे ना ताई? मोठ्याने बोलायची सवय नाही हो मला. तुम्ही जाऊ नका, इथेच उभ्या राहा —

"आई, ह्या ताईंच्या गाडीला हळदकुंकू तर तुम्ही लावलंत, आता ओटीही तुम्हीच भरा — नारळ मी आणते."